शुगर पाइन आणि तांबेरा

श्रोतेहो, नमस्कार.

तांबेरा म्हटलं की गव्हाचं पान डोळ्यांपुढे येतं. पण अशाच एका तांबेऱ्यानं अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलांची दैना केली. शुगर पाइन हे तिथलं थोरलं झाड. पन्नास-साठ मीटर उंच, शंकू हातभर लांब. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तांबेऱ्याची ही बुरशी 1910 साली बाहेरून आणलेल्या रोपांसोबत उतरली. ती एका पाइनवरून थेट दुसऱ्यावर जात नाही, मध्ये तिला रायबीस नावाच्या झुडपांवर मुक्काम करावा लागतो. म्हणून सरकारनं माणसं लावून कित्येक वर्षं ती झुडपं उपटली. रोग हटला नाही.

मग लक्ष गेलं ते आजूबाजूची झाडं वाळत असताना मधेच हिरव्या राहिलेल्या झाडांकडे. त्यांच्या बियांपासून रोपं केली. दमट, थंड, अंधाऱ्या खोलीत रोपांच्या वर जाळी, जाळीवर रायबीसची रोगट पानं. रात्रभर बीजाणू सुयांवर, म्हणजे पाइनच्या सुईसारख्या पानांवर, झरत राहतात. काही महिन्यांनी सुयांवर ठिपके उमटतात. काही रोपांत ठिपक्याभोवतीच्या पेशी आपणहून मरतात आणि बुरशी तिथेच उपाशी कोंडली जाते. बाकीच्यांत ती सुईतून खोडात उतरते, साल फुगते, फुटते आणि नारिंगी भुकटी बाहेर पडते. 1970 साली सिद्ध झालं की ही कोंडी एका प्रभावी जनुकाची करामत आहे. त्याचं नाव सीआर-1. आई किंवा बाप, कुणाकडूनही एक प्रत मिळाली तरी पुरते.

आनंद फार टिकला नाही. त्याच दशकात कॅलिफोर्नियात हॅपी कॅम्प नावाच्या गावाजवळ, हे जनुक असलेल्या झाडांनाही तांबेरा लागला. बुरशीचा एक वाण त्याला पुरून उरला होता. त्यात नवल काय? झाडाला शंकू धरायला दशकं लागतात, बुरशीची नवी पिढी दरवर्षी तयार. एकच कुलूप असेल, तर तिला एकच किल्ली घडवायची असते.

म्हणूनच मला दुसऱ्या तऱ्हेची झाडं जास्त मोलाची वाटतात. त्यांना रोग होतो, पण बेतानं. कुणाच्या सुयांवर ठिपके कमी, कुणी रोगट सुया लवकर गाळून टाकतं, कुणाची साल जखमेभोवती बुरशीला अडवते. यामागे एक जनुक नसतं, बारीकसारीक वाटा उचलणारी अनेक असतात. त्या सगळ्यांवर एकदम मात करणं बुरशीला जड जातं. मात्र ही झाडं ओळखायला चिकाटी लागते. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, वनखात्याच्या डोरीना केंद्रात 1966 पासून हे काम चालू आहे. तिथे रोपांना लागण झाल्यावरही काही वर्षं नोंदी ठेवतात. खोडावर व्रण दिसला म्हणून रोप लगेच फेकत नाहीत. व्रण किती वाढला ते मोजतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजतात.