एकवीस दिवस हात आवरून

श्रोतेहो, नमस्कार.

खुडूक बसलेल्या कोंबडीकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय? वरून दिसते निवांत, पण पोटाखाली तिचा उद्योग चालूच असतो. चोचीनं अंडी फिरवायची, कडेचं मधे ओढायचं, मधलं कडेला सारायचं. मधूनच उठून चार दाणे टिपायचे, पाणी प्यायचं आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसायचं. आपण इन्क्युबेटर आणला की हे सगळं काम आपल्या गळ्यात पडतं. आपल्याला ना पिसं, ना तिचा धीर.

अंडी फलित हवीत, म्हणजे कळपात कोंबडा हवा. खायला म्हणून विकतात ती अंडी बहुधा कोंबड्याविनाच घातलेली असतात. त्यांना ऊब देऊन काही उपयोग नाही. आठवड्याच्या आतली अंडी घ्या, निमुळतं टोक खाली करून थंडाव्याला ठेवा. आणि धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. फार मळलेलं अंडं बाजूलाच ठेवलेलं बरं.

आता उष्णता. यंत्रात पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वरच साठते, म्हणून अंड्याच्या माथ्याशी मोजून साधारण ३८.५. अंडी ठेवण्याआधी यंत्र एक दिवस रिकामंच चालवून बघा. मी बघितलं होतं, पण ज्या थर्मामीटरवर विसंबलो तोच एक अंश कमी दाखवत होता! बारा अंड्यांतून तीन पिल्लं निघाली, तीही विसाव्या दिवशीच. लवकर निघाली म्हणून मी खूश. ते जास्तीच्या उष्णतेचं लक्षण आहे हे नंतर उमगलं. तेव्हापासून शेजारी तापाचा थर्मामीटर ठेवून आधी ताळा घेतो.

अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. तीन किंवा पाच, आकडा विषमच ठेवा. म्हणजे रात्रीच्या लांब पल्ल्याला रोज तीच बाजू वर राहत नाही.

सातव्या दिवशी रात्री दिवे मालवा आणि अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावा. आत लालसर शिरांचं जाळं दिसेल, कोळ्यानं विणल्यासारखं, आणि मधोमध एक काळा ठिपका. क्षणभर थांबा. तो ठिपका हलतो! काही अंडी मात्र नुसती पिवळी, स्वच्छ दिसतील. ती वांझ, काढून टाका. नुसतं लाल कडं दिसलं, तर जीव धरला होता पण वाढ थांबली.

पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास पुरते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण लावून टाकायचं. खरी परीक्षा इथून पुढे. आतून बारीक चिवचिव येते, कवचाला एक टवका पडतो, आणि मग तासन् तास काहीच घडत नाही. बारा तास, कधी चोवीसही. माणूस कासावीस होतो. दुसऱ्या खेपेला मी दर तासाला झाकण उचलत होतो, "जरा बघू तरी" म्हणून. दर वेळी आतली दमट हवा निघून गेली, पापुद्रा सुकून कागदासारखा झाला आणि एक पिल्लू त्यातच गुंडाळलं गेलं. कवच सोलून मदत करायचा मोहही असाच. त्या शांततेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, पापुद्र्यातल्या शिरा रिकाम्या होत असतात. घाई केली तर रक्त येतं.

तोच बलक पिल्लाला दोनेक दिवस पुरतो. त्यामुळे बाहेर आल्याबरोबर खायला घालायची धावपळ नको. पिसं फुलून वाळेपर्यंत त्यांना आतच राहू द्या.

मग दिव्याची ऊब असलेली पेटी. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली सगळी एकमेकांवर चढून बसली असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोची उघड्या टाकल्या असतील तर उकडतंय. आणि पेटीभर पांगून दाणे टिपत, मधेच जागच्या जागी डुलक्या काढत असतील, तर थर्मामीटरकडे नाही बघितलं तरी चालतं.