काठावर कोरलेले नाव

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी नौपाड्यातील आमच्या घरी आला होता. त्याने मोबाइलवर मला जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारातील एक जाहिरात दाखवली. पहिल्या महायुद्धातील चांदीचे ब्रिटिश युद्ध पदक विक्रीला होते. एका छायाचित्रात राजा पंचम जॉर्जचा मुखवटा होता, दुसऱ्यात मागची बाजू होती आणि तिसरे छायाचित्र पदकाच्या काठाचे होते. त्या काठावर रोमन अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, 110 वी मराठा पलटण आणि एक अस्सल मराठी नाव स्वच्छ वाचता येत होते. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराच्या वेढ्यात सापडली होती. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसल्यावर 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले. जाहिरातीत छायाचित्रांखाली किंमत होती आणि किमतीखाली 'घरपोच, डिलिव्हरी मोफत' असे लिहिले होते.

विक्रेत्याने काठाचे छायाचित्र मुद्दाम घेतले होते, कारण नाव आणि पलटण वाचता येणाऱ्या पदकाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. चांदीची किंमत सराफही सांगेल. तेथे खरी बोली लागते ती त्या नावावर आणि त्याने सोसलेल्या हालांवर. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

आपल्या संविधानाच्या 18 व्या कलमाने सरकारने किताब देण्याची पद्धत बंद केली. रावबहादूर, रावसाहेब हे सारे इतिहासजमा झाले. मात्र त्याच कलमात दोन गोष्टींना अपवाद केला आहे, एक विद्याविषयक सन्मान आणि दुसरा सैनिकी सन्मान. ज्या प्रजासत्ताकाने किताब नाकारले त्याने सैनिकाचा मान जाणीवपूर्वक राखला, आणि तो मान आज जुने घड्याळ आणि पितळी दिवे यांच्या शेजारी मांडला जातो, हे मला सहन होत नाही.

पदकांच्या प्रतिकृतींबाबत मात्र एक फरक केला पाहिजे. प्रतिकृती सैनिक स्वतःही विकत घेतात. आमच्या सोसायटीत सेना मेडलचे मानकरी असलेले एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांचे मूळ पदक कपाटात रुमालात बांधलेले असते आणि 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला ते छातीवर लावतात ती प्रतिकृती. एकदा त्यांनी रुमाल सोडून मूळ पदक माझ्या तळहातावर ठेवले. पदकावर उभी संगीन होती आणि लाल फितीच्या मधोमध पांढरी रेघ होती. काठावरच्या नावावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "सर, नाव माझं आहे, पण हे माझं एकट्याचं नाही. त्या रात्री आम्ही सात जण गेलो होतो, परत पाच आलो." त्यांच्यासारख्यांनी प्रतिकृती घेण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. हरकत आहे ती कोणतीही विचारपूस न करता कोणालाही परमवीर चक्राची हुबेहूब नक्कल विकण्याला. ते चक्र आजवर अवघ्या 21 जणांना मिळाले असून त्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवलेले इंद्राचे वज्र त्यांनी त्यावर चार वेळा कोरले. कोणी फसवणुकीच्या हेतूने सैनिकाचा वेश किंवा चिन्ह धारण केले, तर भारतीय न्याय संहितेच्या 168 व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; परंतु ती तरतूद धारण करणाऱ्यासाठी आहे, आणि अशी नक्कल त्याच्या हाती देणारा दुकानदार नामानिराळा राहतो.

काही जण म्हणतात की पदक ही कुटुंबाची मालमत्ता आहे आणि अडचणीत ती विकण्याचा त्यांना हक्क आहे. ज्या घरात चूल पेटवायची भ्रांत आहे, त्या घराला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. आज वीर चक्राला महिन्याला 7,000 रुपये आणि सेना मेडलला 2,000 रुपये भत्ता मिळतो. या रकमा वाढल्याच पाहिजेत, कारण कोणत्याही वीरपत्नीवर फितीसकट आठवण विकण्याची पाळी येता कामा नये. परंतु बाजारात आलेले प्रत्येक पदक कुटुंबाने स्वेच्छेने विकलेले असते, हे खरे नाही. नाईक किरपा राम यांनी 1945 मध्ये सरावाच्या वेळी जवळच पडलेला ग्रेनेड सहकाऱ्यांपासून दूर फेकताना प्राण दिले आणि त्यांना जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले. त्यांच्या पत्नी ब्रह्मी देवी यांच्या हिमाचलमधील घरातून ते पदक 2002 मध्ये चोरीला गेले आणि 2009 मध्ये थेट लंडनच्या लिलावात निघाले. लिलाव थांबला, तरीही ते परत मिळवण्यासाठी त्या वृद्धेला अनेक वर्षे झगडावे लागले.

म्हणून माझी मागणी अशी की, भारत सरकारने दिलेल्या शौर्यपदकांच्या खरेदी-विक्रीवर स्पष्ट बंदी असावी. जुन्या पदकांसाठी विक्रेत्याने ते कोठून आले याचा पुरावा दिल्याशिवाय ऑनलाइन बाजाराने जाहिरात स्वीकारू नये, आणि पलटणीच्या संग्रहालयाला ते घेण्याची पहिली संधी मिळावी. पहिल्या महायुद्धातील पदकांना आता शंभर वर्षे झाली आहेत, म्हणजे 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पार्सल तपासणाऱ्यांनी त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक कुटुंबे साताऱ्याहून, रायगडहून, कोकणातून येऊन येथे स्थायिक झाली आहेत आणि कोणाच्या तरी माळ्यावर आजोबांची ट्रंक आजही असेल. जुनी चाळ पाडून इमारत उभी राहताना अशा ट्रंका भंगारात वजनावर जातात. आमच्या घरातली ट्रंक तशीच गेली. तिच्यात माझ्या चुलत आजोबांची दोन पदके होती हे मला आईने नंतर सांगितले. आपली ट्रंक या रविवारी उघडा. पदक सापडले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. काठावरचा नंबर आणि नाव भिंगाखाली वाचून लिहून ठेवा, छायाचित्र काढा आणि ते पुढे कोणाकडे जावे हे मृत्युपत्रात नोंदवा. घरात सांभाळणारे कोणी नसेल, तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा किंवा बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. नमस्कार.