काचेखालचे दोन स्पीकर

नमस्कार मंडळी. घरात बसून ऐकत असाल तर स्वागतच, पण आज माझ्या डोळ्यांसमोर जो श्रोता आहे ना तो ट्रकच्या केबिनमध्ये बसलाय, गाडी बाजूला लावलीय, इंजिन घुरघुरतंय आणि माझा आवाज त्याच्यापर्यंत डॅशबोर्डमधून पोचतोय. आता तो कसा पोचतोय हाच आजचा विषय. काचेच्या मधोमध कुणीतरी बसून बोलतंय असं वाटतंय, की पत्र्याच्या डब्यात तोंड घालून एका कोपऱ्यातून बोलतोय असं? दुसरं वाटत असेल तर थोडा वेळ सोबत राहा. आणि जे आत्ता गाडी चालवतायत त्यांनी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं, बटणं नंतर, गाडी उभी राहिल्यावर.

तर डॅशमधले स्पीकर. बऱ्याच गाड्यांत ते साडेतीन इंचाचे असतात, काहींत चार इंची, आणि कंपनीतून आलेल्या जोडीत बहुतेक वेळा पातळ कागदाचा पडदा आणि मागं एवढंसं मॅग्नेट. उन्हात तापलेल्या काचेखाली वर्षानुवर्षं भाजून तो कागद वाळतो, कडेचा फोम झडतो, मग आवाज फाटायला लागतो आणि आपण म्हणतो चला, नवे टाकू. टाका की, माझी हरकत नाही, पण आधी माझी फजिती ऐका.

मी पहिल्यांदा ट्रकचे डॅश स्पीकर बदलले तेव्हा जुन्या स्पीकरच्या मागं एक छोटा गोल डबीसारखा तुकडा वायरीला डकवलेला दिसला, मला वाटलं कसला तरी कचरा आहे, कापून टाकला आणि नवे स्पीकर सरळ वायरीला जोडले. पहिला दिवस झकास. आवाज वाढवला, बास पूर्ण वर, डॅश नुसता थरथरतोय आणि मी खूश. तिसऱ्या दिवशी एक बाजू खरखरायला लागली, आठवड्यात दुसरी, आणि मी सगळीकडं सांगत फिरलो की स्पीकरच बोगस निघाले. बोगस मी होतो, कारण तो कापलेला तुकडा म्हणजे कपॅसिटर, आणि त्या छोट्या स्पीकरला जगवणारा तोच.

हे नीट समजून घ्या कारण आज मला जे सांगायचंय ते जवळजवळ सगळं इथंच आहे. सूर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढंमागं हलावं लागतं. दोन सप्तकं खाली, की सोळापट. साडेतीन इंचाच्या पडद्याला हलायला जागाच किती, दोनतीन मिलिमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी, त्यामुळं ढोलाचा ठोका त्याच्याकडून काढायला गेलात की तो आपटतो, फाटतो, आणि ठोका तर येत नाहीच, वर त्याच वेळी चाललेला गाणाऱ्याचा आवाजही बिघडवतो. कपॅसिटर काय करतो तर खालचे सूर अडवतो आणि वरचे जाऊ देतो. चार ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) स्पीकरला १०० मायक्रोफॅरडचा लावला तर साधारण ४०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनांच्या, खाली आवाज उतरायला लागतो, २०० चा लावला तर २०० हर्ट्झच्या खाली. घेताना फक्त नॉनपोलर म्हणून मागा, प्लस मायनसवाला साधा नको. आणि तुमच्या स्टिरिओच्या मेनूत एचपीएफ, म्हणजे हाय-पास फिल्टर, असं काही दिसत असेल तर तेच काम तिथल्या तिथं होतं, आणि जास्त चांगलं होतं.

कुणी म्हणेल, एवढं सगळं अडवल्यावर उरलं काय? अहो, जुना लँडलाईनचा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचा आणि त्यावर माणसं तासन् तास बोलायची, भांडायची, सगळं कळायचं. म्हणजे बातम्या, माझी बडबड, गाण्यातले शब्द हे सगळं डॅशच्या स्पीकरला आरामात जमतं. ठोका दरवाज्यातल्या मोठ्या स्पीकरकडं सोपवायचा, किंवा सीटखाली काही बसवलं असेल तर त्याच्याकडं. एकदा ही वाटणी मनाशी पक्की केलीत की डॅशचा स्पीकर साधा असला तरी सुटसुटीत वाजतो.

नवी जोडी घेताना खोक्यावर २०० वॉट, ३०० वॉट असलं काय काय छापलेलं असतं, तिकडं बघूच नका. स्टिरिओवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं तेही तसंच. त्याच्या पोटातली चिप बारा-चौदा व्होल्टवर चालते, आणि त्या व्होल्टमध्ये चार ओहमवर खरे म्हणजे आरएमएस वॉट निघतात साधारण पंधरा ते वीस, मग खोक्यावर काहीही लिहा. म्हणून बघायचं काय तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते, ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ८७ आणि ९० यात तीनचाच फरक दिसतो, पण ८७ वाल्याला ९० वाल्याइतकं वाजायला दुप्पट पॉवर लागते, आणि ती दुप्पट पॉवर तुमच्याकडं नाहीये. दुसरं बघायचं म्हणजे मागची खोली. डॅशच्या खड्ड्यात एसीचं डक्ट, वायरिंगचा गठ्ठा, सगळं दाटीवाटीनं असतं आणि जाड मॅग्नेटवाला स्पीकर घरी आणल्यावर कळतं की जाळी बसतच नाही. पट्टीनं मोजा आणि मग घ्या. फोमच्या कडेपेक्षा रबराची कड घ्या, उन्हात जास्त टिकते.

आता करंटची गोष्ट, आणि ही फक्त मोठ्या गाडीवाल्यांसाठी, छोट्या १२ व्होल्टच्या गाडीवाल्यांनी सोडून दिली तरी चालेल. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि कारचा स्टिरिओ मागतो १२. मग काही जण काय करतात, एकाच बॅटरीवरून वायर ओढतात आणि म्हणतात झालं काम. वाजतं हो, वाजतं. पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, आणि अल्टरनेटरला दोघींचं मिळून २८ च्या आसपास दिसतं, कोण किती उपाशी आहे ते त्याला कळत नाही, त्यामुळं एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. शेवटी दोन्ही जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा, स्टिरिओच्या मागच्या फ्यूजवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढे तरी तो सतत देऊ शकला पाहिजे, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ टाका, मधे कुठंतरी नाही, कारण वायर घासली की बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला वाचवणारं काहीच नसतं.

कन्व्हर्टरचा एक त्रास माझ्या धंद्याशी संबंधित आहे म्हणून सांगतो. हलक्यातला कन्व्हर्टर आत फार वेगानं चालू-बंद होत असतो आणि त्याची घाण अँटेनाच्या वायरीत शिरते, मग स्टेशन नीट लागत नाही, सूंऽऽ असा आवाज, आणि लोक शिव्या घालतात रेडिओवाल्यांना. कन्व्हर्टर अँटेनाच्या वायरीपासून लांब बसवा. तसंच रेस वाढवली की जी शिट्टी वाढत जाते ती अल्टरनेटरची, तिथं आधी स्टिरिओचं आणि अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याचं अर्थिंग तपासा, दोन्ही एकाच जागी, रंग खरवडून, घट्ट. स्पीकर बदलून ती जात नाही, मी करून बघितलंय.

अर्थिंगवरून आठवलं. जुन्या गाड्यांत स्पीकरची एकच वायर यायची आणि दुसरं टोक सरळ बॉडीला. हल्लीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एक बॉडीला टेकली की चिप जाऊ शकते, तर जुन्या गाडीत नवा स्टिरिओ टाकताना प्रत्येक स्पीकरला दोन दोन वायरी नव्यानं ओढा, कंटाळा करू नका.

प्लस मायनस. यात जितकी माणसं चुकतात तितकी दुसऱ्या कशात नाही. एका बाजूच्या वायरी उलट्या लागल्या की दोन्ही स्पीकर वाजतात, काही बिघडलंय असं वाटत नाही, फक्त ठोका नाहीसा होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते सांगता येत नाही. माझ्यासमोर इथं स्टुडिओत एकच माईक आहे, म्हणजे तुमच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरला अगदी तोच आवाज जातोय, त्यामुळं मी मधोमध एका ठिकाणी उभा आहे असंच वाटायला हवं. तसं न वाटता मी तुमच्या डोक्याभोवती पसरलोय, कानामागून बोलतोय असं वाटत असेल तर एका बाजूच्या वायरी उलटा आणि परत ऐका. स्पीकर हातात सुटा असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. ट्वीटरवर, म्हणजे फक्त बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग नको, आणि सेल धरून ठेवायचा नाही.

आता बॅलन्स. ट्रकमध्ये डॅशचे आणि दरवाज्याचे स्पीकर बऱ्याचदा समोरच्या एकाच चॅनलवर एकत्र बांधलेले असतात. दोन्ही चार चार ओहमचे असले तर मिळून दोन होतात, स्टिरिओ तापतो, आणि फेडर, म्हणजे आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटणारं बटण, फिरवून काहीच फरक पडत नाही कारण दोघंही एकाच दोरीला बांधलेत. पण बघा ना, मागच्या सीटचे स्पीकर ट्रकला कुठं असतात, ते मागचे चॅनल रिकामेच पडलेले असतात. मग डॅशचे समोरच्या चॅनलवर ठेवा आणि दरवाज्याचे मागच्या चॅनलवर न्या. झालं, आता तुमचा फेडर म्हणजे काचेखालचा आवाज किती आणि पायाजवळचा किती याचं बटण झालं. मला विचाराल तर अख्ख्या कामातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तीही नवीन काही विकत न घेता.

लावायचं कसं? गाडी उभी, पण इंजिन चालू. कारण सांगतो, सहा सिलिंडरचं डिझेल १५०० आरपीएमला सेकंदाला ७५ धक्के देतं, म्हणजे ७५ हर्ट्झची गुरगुर, आणि तिथंच तर बासची वस्ती असते. इंजिन बंद करून जे लावाल ते रस्त्यावर पोकळ वाटणार. लाउडनेसचं बटण बंद, बास ट्रेबल मधे, एचपीएफ किंवा कपॅसिटर डॅशला लावलेला. आधी फेडर पूर्ण दरवाज्याकडं न्या, माणूस पायाशी बसून बोलतोय असं वाटेल. मग हळूहळू डॅशकडं आणा, आणि बोलणारा वर येऊन काचेच्या उंचीला पोचला की थांबा. तिथंच थांबा. अजून पुढं नेलं की स च्या जागी सुई टोचायला लागते, कारण डॅशचा स्पीकर काचेवर आवाज मारतो आणि काच तो जसाच्या तसा परत फेकते, एकदा सरळ आणि एकदा काचेवरून, दोन्ही कानात. फेडरला फार मागं न्यावं लागत असेल, नवा स्पीकर जात्याच तिखट असेल, तर चार ओहमच्या स्पीकरला दोन ओहमचा दहा वॉटचा रेझिस्टर ओळीत टाकला की साडेतीन डेसिबलनं तो खाली बसतो. लोक ट्रेबल कमी करतात, पण त्यानं दरवाज्याचाही आवाज बोदा होतो.

मग डावं-उजवं. तुमच्या बाजूचा स्पीकर समजा ७० सेंटिमीटरवर आणि लांबचा दीड मीटरवर, तर लांबचा आवाज दोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशिरा येतो, आणि आपला कान जो आधी आला त्याच्याकडं झुकतो. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट असेल तर जवळच्याला तेवढा उशीर लावा, एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर हा हिशोब. नसेल तर बॅलन्स दोनतीन घरं लांबच्या बाजूला सरकवा, क्लीनर म्हणेल माझ्याच कानात का ओरडतंय, त्याला म्हणावं तू चालवशील तेव्हा तुझ्या बाजूनं लावू.

खडखड येत असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी हातानं डॅशची जाळी, कडा, कप्प्याचं झाकण एकेक करून दाबा, जिथं दाबल्यावर थांबते तिथं फोमची पट्टी. वायरी पिळून टेप मारू नका, क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपीत घालून पकडीनं दाबा, ट्रकची थरथर पिळलेली वायर कधी ना कधी सोडवतेच. आणि आवाज एवढाच ठेवा की मागचा हॉर्न, अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल, ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ अर्धी होते, तुमचे तास तर आठाच्या पुढंच जातात.

बरं, वेळ संपत आली. गाडी उभी असेल त्यांनी आता बॅलन्सच्या बटणावर हात ठेवा, मी हळूहळू दहापर्यंत आकडे मोजतो, एकाच जागेवरून, हललो नाही अशी माझी गॅरंटी. मी तुम्हाला ज्या बाजूला दिसेन त्याच्या उलट एकेक घर सरकवत या. सात आणि सहा ला कान द्या, स टोचला तर फेडर एक घर मागं. चला. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा.