मावशी, मिनिमॅप बघ!

नमस्कार श्रोतेहो.

पहिल्या सामन्यात मी 17 वेळा मेले. पंधराव्या मरणाच्या सुमाराला संघातला एक मुलगा हेडफोनमधून म्हणाला, "भाई, कीबोर्ड पे बिल्ली बैठी है क्या?" तो भाई म्हणजे मी. वय 46, व्यवसाय लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देण्याचा, आणि मांडीवर खरोखरच मांजर.

खेळाचं नाव डोटा टू. मला त्यात ओढलं माझ्या भाच्यानं. तो शाळेत असताना फोनवर मोबाइल लेजंड्स खेळायचा. जून 2020 मध्ये ज्या 59 ॲप्सवर बंदी आली, त्यात तो खेळ गेला आणि स्वारी संगणकाकडे वळली. बारावीनंतरच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला तेव्हा मी सहज विचारलं, "काय रे, तासन् तास काय करतोस एवढं?" तर म्हणाला, "मावशी, बस इथे. बघून नाही कळायचं."

खरंच बघून कळत नाही. रंगीत धूर, वीज, कोणी कोणाला मारलं पत्ता नाही. पण आतला सांगाडा साधा आहे. दोन संघ, प्रत्येकी पाच खेळाडू, आणि प्रत्येकाच्या हाती हिरो नावाचं एक पात्र. चौकोनी मैदान, मधून तिरपी वाहणारी नदी. खालच्या डाव्या कोपऱ्यात रेडियंटचा तळ, वरच्या उजव्या कोपऱ्यात डायरचा. दोन्ही तळांना जोडणारे तीन रस्ते, त्यांना लेन म्हणायचं, आणि मधल्या जागेत जंगल. दर 30 सेकंदांनी दोन्हीकडून क्रीप नावाची छोटी फौज निघते आणि वाटेत एकमेकांना भिडते. प्रत्येक लेनवर टॉवर, म्हणजे शत्रूवर मारा करणारे बुरूज. ते पाडत पाडत समोरच्या तळातली एन्शंट नावाची इमारत पाडली की सामना जिंकला. किती माणसं मारली याचे गुण कोणी देत नाही. हे मला चौथ्या दिवशी समजलं. तोवर मी दिसेल त्याच्यावर धावून जात होते.

या खेळाचं मूळही गमतीचं आहे. 2003 च्या सुमाराला वॉरक्राफ्ट थ्री या खेळासाठी हौशी लोकांनी स्वतःचा एक नकाशा बनवला, त्याचं नाव डिफेन्स ऑफ द एन्शंट्स. त्याची आद्याक्षरं म्हणजे डोटा. पुढे व्हॉल्व्ह या कंपनीनं तो नव्यानं बांधला आणि 2013 मध्ये डोटा टू रीतसर बाजारात आला. लीग ऑफ लेजंड्स वगैरे भावंडंही त्याच घराण्यातली. एक शिकलात की दुसऱ्याची भाषा निम्मी आलीच.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब.

क्रीप मेली की सोनं मिळतं, पण ते फक्त शेवटचा घाव घालणाऱ्याला. याला लास्ट हिट म्हणतात. एका क्रीपमागे साधारण 35-40 नाणी. क्रीपच्या डोक्यावर तिचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी असते, ती कमी कमी होत जाते. नवखा माणूस काय करतो? सारखा मारत सुटतो. मग पट्टी केसाएवढी उरते, तुमचा हात वर गेलेला असतो, आणि तेवढ्यात तुमच्याच बाजूची क्रीप तिला संपवते. सोनं शून्य. थांबायचं असतं. पट्टी पार तळाला जाईपर्यंत हात आवरायचा आणि मग एकच घाव. नाणी खुळखुळल्याचा आवाज येतो. तो आवाज पहिल्यांदा लागोपाठ तीनदा आला, तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की मांजर पळालं. समोरचा खेळाडूही लबाड असतो. स्वतःचीच अर्धमेली क्रीप स्वतः मारून टाकतो, म्हणजे तुम्हाला मिळायला नको. त्याला डिनाय म्हणतात. आमच्या धंद्यात असे अशील पुष्कळ भेटतात.

आणि मरणाचा हिशेब? तो दुहेरी नोंदीचा. तुम्ही मेलात की तुमच्या खात्यातलं थोडं सोनं वजा. मारणाऱ्याच्या खात्यात सोनंही जमा आणि अनुभवही जमा, ज्यानं हिरोची पातळी वाढते. वर तुम्ही काही सेकंद मैदानाबाहेर, आणि पातळी वाढत जाईल तसा हा वेळ वाढत जातो. तेवढ्या वेळात तुमचे चार जण पाचांशी लढतायत. माझी 17 मरणं म्हणजे मी समोरच्या संघाला सतरा वेळा पगार वाटला. याला फीड करणं म्हणतात. म्हणून नवख्यानं पहिला महिना एकच ध्येय ठेवावं: मरायचं कमी. पराक्रम नंतर.

कमी मरायचं कसं, तर पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा बघून. भाचा माझ्या खुर्चीमागे उभा राहून दर दहा सेकंदांनी म्हणायचा, "मावशी, मिनिमॅप बघ!" मला राग यायचा. पण झालं असं, की आमच्या लेनमधले समोरचे दोघं एकाएकी दिसेनासे झाले. मी खूश, रान मोकळं, टॉवरपर्यंत पुढे गेले. ते दोघं जंगलात दबा धरून बसले होते. नकाशावर समोरच्या पाचपैकी तीनच जण दिसत असतील, तर उरलेले दोघं तुमच्याच मागे आहेत असं धरून चाला आणि आपल्या टॉवरजवळ या. सामन्यात पाच-पाच मिनिटांनी दिवस-रात्र होते, आणि रात्री हिरोला फार जवळचंच दिसतं. अंधारात एकटं नदीपलीकडे जाऊ नये, हे मी आपल्या लेकरांना सांगते आणि स्वतः विसरते.

नकाशावर उजेड पाडायला वॉर्ड असतात. ऑब्झर्व्हर वॉर्ड फुकट मिळतो, पण मोजकेच मिळतात, आणि एक वॉर्ड 6 मिनिटं टिकतो. ज्वारीच्या राखणीला मचाणावर माणूस बसवतात ना, तसा तो उंचवट्यावर लावायचा, म्हणजे कोण येतंय ते लांबून दिसतं. पहिले आठ दिवस मी सगळे वॉर्ड आमच्याच तळाजवळ लावत होते. भाचा म्हणाला, "अगं, आपलंच अंगण काय बघतेस?"

हे काम सपोर्टचं. पाच जणांच्या पाच जागा ठरलेल्या असतात, एक ते पाच क्रमांकाच्या. एक नंबर कॅरी, म्हणजे आधी सोनं साठवून शेवटी सामना ओढणारा. दोन नंबर मधल्या लेनमध्ये, तीन नंबर ऑफलेनला, म्हणजे समोरचा कॅरी असतो त्या लेनमध्ये, आणि चार-पाच सपोर्ट. प्रत्येक नवख्याला मधली लेन हवी असते, गल्ली क्रिकेटमध्ये प्रत्येकाला बॅटिंग हवी असते तशी. माझं मत विचाराल तर पाच नंबरपासून सुरुवात करा. वॉर्ड लावा, कॅरीला जिवंत ठेवा, खेळ समोरून बघा. हिरो शंभराहून जास्त आहेत आणि सगळे फुकट, त्यामुळे हावरटासारखं रोज नवा घ्यावासा वाटतो. दोन-तीनच धरा. मी क्रिस्टल मेडन घेतली. बाई चालते मुंगीच्या पावलानं आणि फुंकर मारली तर मरते, पण तिच्या नुसत्या असण्यानं सगळ्या संघाची मंत्रशक्ती भरत राहते. लिच आणि ओगर मॅजाय हेही नवख्याला चालतात. कॅरीच व्हायचं असेल तर रेथ किंग घ्या. तो मेल्यावर एकदा तिथेच उठून उभा राहतो, आणि अशी सोय नवख्याला लागतेच.

आधी बॉट्सशी, म्हणजे संगणकच चालवतो त्या खेळाडूंशी खेळा. कमीपणा मानू नका. रँकवाले, म्हणजे क्रमवारी ठरवणारे सामने तसेही 100 तास खेळून झाल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तो नियम मला शहाणपणाचा वाटतो.

आता शिव्या. हो, पडतात, आणि आईबहिणीवरूनही पडतात. बाईचा आवाज ऐकला की काहींना जास्तच चेव येतो. गुणफलक उघडला की प्रत्येक नावासमोर आवाज बंद करायचं बटण असतं. पहिल्या शिवीला ते दाबा, उत्तर देऊ नका, सामना संपल्यावर रिपोर्ट करा. बटण दाबल्यावर खेळ किती शांत होतो म्हणून सांगू. नकाशावर पिंग करून खुणा देता येतात, बोलायची गरज पडत नाही. सगळेच तसे नसतात. मांजरवाला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटला, आणि "यहाँ वॉर्ड लगाओ" म्हणत त्यानंच मला नदीकाठची उंच जागा दाखवली.

दुसरी अडचण वेळेची. एक सामना 40 मिनिटं सहज चालतो आणि मधे उठता येत नाही. उठलात तर उरलेल्या चौघांचा सामना वाया. आणि वारंवार सोडून गेलात तर शिक्षा म्हणून तुम्हाला तुमच्यासारख्याच पळपुट्यांबरोबर खेळायला लावतात. 38 व्या मिनिटाला आमच्या तळावर पाचही जण चालून आले होते, आणि स्वयंपाकघरातून जळका वास आला. गॅसवर दूध होतं. मी उठले नाही. सामना हरलो आणि पातेलं दोन दिवस घासत होते.

आईवडील विचारतील, हा सट्टा तर नव्हे? नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदी आणली, आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढलं. डोटा फुकट आहे, विकतात ते हिरोंचे कपडेलत्ते, त्यानं ताकद वाढत नाही. तरी कार्डाचा नंबर जोडून ठेवू नका, मुलांच्या आणि मावश्यांच्याही खात्याला. 2021 च्या जागतिक स्पर्धेत बक्षिसाची रक्कम 4 कोटी डॉलर होती. ते ऐकून घरात कोणी कॉलेज सोडायला निघालं, तर त्याला सांगा की 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय डोटा संघानं कांस्यपदक आणलं, तेही वर्षानुवर्षं घासून.

भाचा आता पुण्याला शिकतो. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तो तिकडून, मी इकडून बसतो. गेल्या शनिवारी सामना संपल्यावर त्यानं गुणफलक नीट वाचला आणि म्हणाला, "मावशी, फक्त चारदा मेलीस."

आज रात्री करून बघणार असाल तर बॉट्सशी खेळा, पाच नंबरला. आणि बसण्याआधी गॅस बंद आहे ना, तेवढं बघून घ्या. नमस्कार.