राहिलेला अभ्यास

[दृश्य: मध्य मुंबईतली मराठी शाळा. मधली सुट्टी. डबे अर्धवट खाल्लेले, बाकांवर वह्या पसरलेल्या.]

गौरी-गणपती झाले, कोकणातून गाड्या परतल्या, की मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये वह्यांची मागणी सुरू होते. "इतिहासाची दे ना, उद्या नक्की आणते." "विज्ञानाची कुणाकडे आहे?" शाळेची सुट्टी मोजक्या दिवसांची असते, पण गावी गेलेलं घर तेवढ्यात परतत नाही. ज्या दिवसाचं रिझर्व्हेशन मिळेल, त्या दिवशी यायचं. त्याआधी जुलैत पाऊस असतो. रुळांवर पाणी आलं की बाईच शाळेत पोचत नाहीत, तिथे मुलांचं काय! आणि पाऊस ओसरला की ताप. डेंग्यू, मलेरिया झालेलं मूल आठवडाभर तरी घरीच.

थोडक्यात, जून ते ऑक्टोबर या पहिल्या सत्रात एकही दिवस न बुडवलेलं मूल शोधावंच लागतं. बुडालेल्या दिवसांचा अभ्यास मात्र कुठे जात नाही. तो वाट बघत असतो.

[दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.]

ही सहावीची गणिताची वही. समासात तारीख, खाली दोन गणितं, आणि लाल शाईत एकच शब्द: अपूर्ण. त्याखाली बाईंची सही. पुढची तीन पानं कोरी. ती विसरून राहिलेली नाहीत, मुद्दाम सोडलेली आहेत, राहिलेलं नंतर उतरवून काढायला. किती पानं सोडायची याचा अंदाज शेजारच्याच्या वहीवरून घ्यायचा. तो चुकला, की शेवटच्या पानावर अक्षर मुंगीएवढं होतं आणि समासही भरून जातो. वही तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला हे पान बघताक्षणी ओळखता येतं.

[दृश्य: शिक्षक-खोली. टेबलावर वह्यांचा गठ्ठा.]

अभ्यास द्यायचा तरी किती? 1993 साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने मुलांच्या पाठीवरच्या आणि डोक्यावरच्या ओझ्याबद्दल केंद्र सरकारला अहवाल दिला. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात तर तासच ठरवून दिलेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास. सहावी ते आठवीला रोज 1 तास, आणि त्यापुढे रोज 2 तास. आता ज्यांच्या घरात बालवाडीपासून अभ्यासाची डायरी येते, त्यांनी हे आकडे वाचून हसावं की रडावं, त्यांचं त्यांनी ठरवावं.

पण सहावीचा तो एक तास रोजच्या अभ्यासाचा आहे. आठ दिवस बुडाले तर आठ तास साठतात, आणि ते आजच्या अभ्यासावर येऊन पडतात. वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं वेगळंच.

सोडून द्यावं म्हटलं, तर त्यात गुण अडकलेले. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प, चाचणी यांच्या जोडीला स्वाध्यायही मोजला जातो. सहावीला आकारिकचा वाटा निम्मा. पुढे दहावीत गणिताच्या 100 पैकी 20 गुण शाळेच्या हातात, आणि त्यातले 10 गृहपाठाचे. म्हणून फेब्रुवारी उजाडला की दहावीचे वर्ग वह्या पूर्ण करायला बसतात. जूनमधली तारीख फेब्रुवारीच्या पेनाने पडते. हे सगळ्यांना माहीत असतं, वही तपासणाऱ्यांनाही.

[दृश्य: वरळी. बीडीडी चाळ, जिने, लांब मार्गिका. संध्याकाळ.]

मग हे उतरवून काढायचं कुठे? ब्रिटिश काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, म्हणून बीडीडी म्हटल्या जाणाऱ्या या चाळींना शंभर वर्षं झाली. खोली 160 चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, टीव्ही, आजोबांची खाट आणि पाहुणे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तिथे वही उघडून बसायचं, तर आधी कुणाला तरी उठवावं लागतं. मुलं मार्गिकेत बसतात, जिन्यात बसतात. आणि वरळीची मुलं पिढ्यान् पिढ्या अभ्यास गल्लीत जातात.

[दृश्य: सुदाम काळू अहिरे मार्ग. झाडं, दिवे, पदपथावर पुस्तकं घेऊन बसलेली मुलं.]

पोदार रुग्णालयाच्या बाजूचा हा रस्ता म्हणजेच अभ्यास गल्ली. रहदारी कमी, झाडं दाट, वर पालिकेचे दिवे. दहावीची, बारावीची, स्पर्धा परीक्षांची मुलं इथे रात्री उशिरापर्यंत बसतात. कुणी येरझाऱ्या घालत पाठ करतं, कुणी दिव्याखालची जागा धरून ठेवतं. या रस्त्याचं कौतुक होतं ते रास्तच आहे. पण मुलांना अभ्यासासाठी रस्ता गाठावा लागतो, याचं कौतुक जरा जपूनच करावं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांत टेबलाला कोपरा निघेल. बाकीची घरं अजून रांगेत आहेत.

वही मिळाली नाही, तर फोटो. वर्गाच्या ग्रुपवर पानांचे फोटो येतात, पण फोन असतो बाबांच्या खिशात, आणि बाबा घरी येतात रात्री नऊनंतर. मग जेवणं उरकल्यावर चार्जरला लावलेल्या फोनशेजारी पालथं पडून उतरवणं सुरू होतं. फोटो तिरका, पानाची कडा कापलेली. ओळ गेली तर गेली. आई विचारते, "समजतंय का काही?" उत्तर येतं, "आधी कम्प्लीट करू दे."

इथेच खरी गोम आहे. वही पूर्ण होते, बरोबरची खूण मिळते, आणि गणित तिथेच राहतं.

[दृश्य: 2021 मधली छायाचित्रं. बंद शाळा, मोबाईलसमोर बसलेली मुलं.]

एकदा तर साऱ्या राज्याचाच अभ्यास बुडाला होता. कोरोनात शाळा बंद होत्या. 1 जुलै 2021 पासून राज्याने दुसरी ते दहावीसाठी 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला. मागच्या इयत्तेतलं जे पुढच्या इयत्तेला लागणार, तेवढंच निवडून उजळणी, आणि मध्ये मध्ये चाचण्या. तोही बऱ्याच मुलांनी मोबाईलवरच केला, त्यामुळे कितपत पोचला हा प्रश्न आहेच. पण निवड करायची, ही कल्पना योग्य होती. ती आठ दिवस तापात पडलेल्या एका मुलाला लावायला कुणाची हरकत असावी?

[दृश्य: पुन्हा वर्ग. फळ्यावर अपूर्णांक.]

काही शिक्षिका हे न बोलता करतात. सहावीच्या या वर्गात गणपतीच्या दिवसांत अपूर्णांकांची बेरीज झाली, पंधरा गणितं. पुढच्या आठवड्यात गुणाकार आहे. गावाहून आलेल्या मुलाला बाईंनी पंधरातली तीनच काढून दिलीत. एक छेद सारखे असलेलं, एक छेद वेगळे असलेलं, एक पूर्णांकयुक्त. ती घरी करायची नाहीत. उद्या मधल्या सुट्टीआधी, इथेच, फळ्यावर.

शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तरी वही नाही म्हणून वर्गाबाहेर उभी असलेली मुलं अजून दिसतात. बाहेर उभं राहून आजचाही तास बुडतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिलं गणित सुटलं. दुसऱ्यात मुलाने सरळ छेदात छेद मिळवला. बाई काही बोलल्या नाहीत, खडू शेजारच्या मुलीकडे दिला. तिने एक अर्धा आणि एक तृतीयांश काढून दाखवले, पोळीचे नाही, पट्टीचे. मुलाने आपलं उत्तर पुसलं, खाली सहा लिहिला आणि वरचे अंश बदलायला घेतले.

उरलेली बारा गणितं वहीत कधी यायची, असं आम्ही बाईंना विचारलं.

"सहामाही झाल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "ही तीन आली, तर त्यांतली बरीचशी लागणारही नाहीत."