योग हाच उपाध्याय, पण केव्हा?

नमस्कार. पुढच्या टप्प्यावरच्या योगसाधनेला गुरू लागतोच का, या प्रश्नाकडे मी वळलो तो एका आवाजामुळे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तेव्हा प्राणायाम सुरू करून मला सहा वर्षं झाली होती. नाडीशोधनातला (आलटूनपालटून एकेका नाकपुडीनं श्वास घेण्यातला) कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मी ग्रंथ वाचून, स्वतःच्या हिशेबानं वाढवत नेला होता. एका रात्री उजव्या कानात बारीक गुणगुण ऐकू यायला लागली, भुंग्यासारखी. हठयोगप्रदीपिका या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात नादांचा, म्हणजे साधनेत आतून ऐकू येणाऱ्या आवाजांचा, क्रम दिला आहे. आधी समुद्र, मेघ, भेरी असे मोठे आवाज. मग मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शंख, घंटा. आणि शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भ्रमर. नाद उजव्या कानात ऐकावा, असंही तिथेच म्हटलं आहे. कान तोच आणि आवाजही शेवटचा. त्या रात्री माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध साधक होते. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी नादाबद्दल एक शब्दही काढला नाही. तीन गोष्टी विचारल्या: ‘झोप किती लागते? भूक कशी आहे? घरात चिडचिड होते का?’ झोप चार तासांवर आली होती. साधकाची झोप कमी होते, असं मी धरून चाललो होतो. भूक मेली होती, तिला मी मिताहार म्हणत होतो. आणि घरच्यांशी बोलावंसं वाटत नव्हतं, त्याला वैराग्य. ते म्हणाले, ‘कुंभक आजपासून बंद. फक्त पूरक आणि रेचक करा, म्हणजे श्वास घ्या आणि सोडा, आणि रात्री वेळेवर आडवे व्हा.’ महिन्याभरात झोप परतली आणि गुणगुण थांबली.

नाद खोटा असतो असं मला म्हणायचं नाही. माझा नाद हा थकलेल्या मज्जासंस्थेचा आवाज होता आणि तो ओळखणं माझ्या हातात नव्हतं, एवढंच म्हणायचं आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितले आहेत: व्याधी, स्त्यान (मनाचं जडत्व), संशय, प्रमाद (बेसावधपणा), आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (भ्रमालाच खरं मानणं), अलब्धभूमिकत्व (साधनेची पुढची भूमी, म्हणजे पायरी, न लाभणं) आणि अनवस्थितत्व (लाभलेली पायरी न टिकणं). यातले बहुतेक साधकाला स्वतःला कळतात. आजार कळतो, आळस कळतो, संशय तर बोचतच राहतो. भ्रांतिदर्शनाचं तसं नाही. ज्याला भ्रांती झाली आहे त्याला ते दर्शनच वाटतं. ज्या मनानं पारख करायची तेच मन साधनेनं बदलत असतं. गुरूची गरज माझ्या मते इथे उभी राहते. अनुभव देण्यासाठी तो लागत नाही. आलेला अनुभव बाहेरून पाहणारं दुसरं मन लागतं.

आता याच्या विरुद्ध बाजूचं सांगतो, कारण ती बाजू परंपरेतलीच आहे. योगसूत्रांत गुरू शोधा अशी आज्ञा नाही. तिथे गुरू हा शब्द येतो तो ईश्वरासाठी: तो पूर्वजांचाही गुरू, कारण त्याला काळाची मर्यादा नाही. आणि तिसऱ्या पादात, संयम (धारणा, ध्यान, समाधी मिळून) एकेका भूमीवर लावत जावा या सूत्रावर व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, म्हणतं, या भूमीनंतर कोणती भूमी हे सांगायला ‘योग एवोपाध्यायः’. योग हाच शिक्षक. गुरू नको म्हणणारे हे वाक्य आवडीनं सांगतात. पण भाष्यात लगेच एक श्लोक येतो आणि त्यात अट आहे: ‘योऽप्रमत्तस्तु योगेन’. जो बेसावध नाही, त्याच्यासाठी. प्रमाद तर वरच्या नऊ अंतरायांतलाच एक. शिवाय हे वाक्य येतं ते धारणा, ध्यान, समाधी यांचं विवेचन झाल्यावर. तिथवर पोचलेल्याला ते लागू आहे. माझ्यासारख्या सहा वर्षांच्या साधकाला नव्हतं.

प्राणायामाच्या बाबतीत तर मी आग्रही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकाला मारतो, असं हठयोगप्रदीपिका स्पष्ट सांगते. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा श्वासोच्छ्वास, जोरात आणि फार वेळ केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. याला कुंडलिनी, म्हणजे शरीरातली सुप्त शक्ती, जागी झाली असं समजणारे साधक मला भेटले आहेत. शेजारी जाणता माणूस असता तर त्यानं फक्त ‘थांबा’ म्हटलं असतं.

गुरूच्या नावाखाली काय काय चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. समर्थांनी ते दासबोधात कठोर शब्दांत सांगून ठेवलं आहे: जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन, मिळाले तरी त्यजावे’. म्हणजे एका अडक्याला, क्षुल्लक नाण्याला, तीन मिळाले तरी टाकावेत. गुरूशिवाय गती नाही असं सांगणारा तोच ग्रंथ गुरू टाकायलाही सांगतो. गीतेत गुरूला प्रणिपात (नमस्कार) सांगितला आहे, त्याच्या जोडीला परिप्रश्न (खोदून विचारणं) आहे. ज्या गुरूला आपल्याला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि जो ‘हे घरी बोलू नका’ म्हणतो, त्याच्यासमोरून उठावं. तो तुमची भ्रांती काढत नाही, तिच्यावर आपली घालतो.

मला निवृत्तिनाथांचं नेहमी कौतुक वाटतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं जे वर्णन आहे, ते करणाऱ्याचा गुरू त्याचा थोरला भाऊ होता. एकाच घरात वाढलेला, उठणंबसणं बघणारा. हजारोंच्या सभेत दूरवर बसलेला गुरू तुमची झोप कशी विचारणार?

रमण महर्षींचं उदाहरण कुणी तरी देईलच. 1896 साली, सोळाव्या वर्षी, कोणा मानवी गुरूशिवाय त्यांना आत्मानुभव आला, हे खरं. पण नंतर तिरुवन्नामलैच्या मंदिरात पाताळलिंगाच्या तळघरात ते बसले तेव्हा किड्यांनी मांड्या कुरतडल्या तरी त्यांना भान नव्हतं. इतरांनी त्यांना उचलून बाहेर आणलं, जेवू घातलं. आणि अरुणाचल या तिथल्या डोंगरालाच ते गुरू मानत.

त्या वृद्ध साधकांनी दोन वर्षांनी मला कुंभक पुन्हा सुरू करायला सांगितलं. मात्रा किती, म्हणजे श्वास किती मोजेपर्यंत रोखायचा, असं विचारलं की आधी मलाच विचारायचे, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मी आकडा सांगितला की ते त्यातून कमी करत. काही वर्षांनी माझा आणि त्यांचा आकडा जुळायला लागला. मग त्यांनी सांगणंच सोडलं.

आता ते नाहीत. ते तीन प्रश्न मी माझ्या पत्नीला सांगून ठेवले आहेत. दर महिन्याला ती विचारते. पहिल्या दोहोंची उत्तरं मी देतो. तिसऱ्याचं ती देते.