हात बसावा म्हणून

हा काळा सिल्कचा धागा. हॉस्टेलच्या खोलीत खुर्चीच्या हाताला अडकवलाय. एक फेरा, बोट आतून, ओढ. पुढचा फेरा उलटा, नाहीतर गाठ सरकते. कोविड वॉर्डातली ड्युटी संपवून आलेला हा सर्जरीचा रेसिडेंट, म्हणजे सर्जन होण्यासाठी शिकणारा डॉक्टर. गाठ खुर्चीवर मारतोय, कारण ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, त्याच्या वाट्याला केसच नाही.

मार्च २०२० मध्ये मुंबईत आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. एप्रिलमध्ये मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. हर्निया, हायड्रोसील, पित्ताशयाचे खडे, ज्यांच्यावर नव्या सर्जनचा हात बसतो त्याच केसेस यादीतून गेल्या. उरली इमर्जन्सी. तिथेही ओटीत मोजकीच माणसं. काम लवकर उरकावं म्हणून सिनिअर ऑपरेट करणार, ज्युनिअर दाराबाहेर. आणि एमएस, सर्जनचं हे पदव्युत्तर शिक्षण, असतं अवघं तीन वर्षांचं.

(निवेदन थांबते. हात, धागा, कात्री.)

आता हा खोका बघा. एंडोट्रेनर, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करायचा. वर दोन भोकं, आत कॅमेरा, समोर स्क्रीन. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात डावीकडे नेला की अवजाराचं टोक उजवीकडे जातं. स्क्रीन सपाट, त्यामुळे खोलीचा अंदाज डोळ्याला येत नाही, तो हातालाच यावा लागतो. म्हणून हा शेंगदाणा चिमट्यात धरून एका वाटीतून दुसरीत न्यायचा. निसटला. पुन्हा. शेजारी शिकवणाऱ्या मॅडम उभ्या आहेत: "खांदा खाली घे. मनगट सैल सोड, बाळा."

पोटात भरलेल्या वायूतून विषाणू पसरेल या भीतीने साथीच्या सुरुवातीला दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळल्या जात होत्या. शिकायला हा खोकाच होता. दिवसभर पीपीई किटमध्ये राऊंड घेऊन मॅडम इथे येतात, तसं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पण ऊती किती ताणली की फाटते, ते शेंगदाणा शिकवत नाही.

२०२१ मध्ये दुसरी लाट आली. नीट पीजी, पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली, प्रवेशाचं समुपदेशन रखडलं, पहिल्या वर्षाची बॅच २०२२ उजाडल्यावर आली. तोवर ड्रेसिंग आणि रक्ताचे नमुनेही वरच्याच बॅचने सांभाळले. ती मुलं आता सर्जन आहेत. मोठ्या रुग्णालयांत सिनिअरच्या हाताखाली काही महिने ऑपरेट करायची सोय त्यांना आजही करून द्यायला हवी.